पांढऱ्या शेताचा फोटो

परवा ऑफिसात कॉफी मशीनपाशी टीममधल्या एकीने विचारलं, "अरे, तुझ्या गावचा तो कापसाचा फोटो कसला भारी होता! आपण सगळे जाऊ या ना एकदा सीझनला." मी "हो हो, नक्की" म्हणून कप उचलला आणि सटकलो. खरं तर त्या फोटोवरून आमच्या घरात काय रामायण झालं ते तिला सांगायला हवं होतं. पण ते दोन मीटिंगांच्या मधल्या चार मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून आज इथे लिहितोय. शनिवार आहे, बाहेर ऊन आहे, दुसरं काही कामही नाही.

तर झालं असं. दिवाळीला आमचं रिलीज होतं (आमचं रिलीज नेहमी दिवाळीलाच असतं, हा योगायोग नाही असं माझं ठाम मत आहे), त्यामुळे २०२५ च्या दिवाळीला घरी जाता आलं नाही. मग नोव्हेंबरात चार दिवस रजा टाकून गेलो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्स, मग एसटी, मग कुणाची तरी मोटरसायकल. घरी बॅग टाकली, चहा घेतला आणि थेट शेतात.

आणि काय सांगू, समोर सगळं पांढरं! खाली काळीभोर जमीन, वर स्वच्छ निळं आभाळ आणि मधे चार एकर फुटलेला कापूस. हिवाळ्यातलं सकाळचं तिरकं ऊन असलं की प्रत्येक बोंडाच्या मागे एक उजळ कड येते. शेत जणू आतून पेटवल्यासारखं दिसतं. धुऱ्यावर उभं राहून मी दहा-बारा फोटो काढले, त्यातला एक स्टेटसला टाकला. अर्ध्या तासात प्रतिक्रियांचा पाऊस. "स्वर्ग!" "विदर्भात बर्फ?" "नोकरी सोड आणि तिकडेच राहा रे." मी खूश.

संध्याकाळी बाबा घरी आले ते गप्प. जेवताना म्हणाले, "तो फोटो काढून टाक."

मला कळेना. "का? किती छान आलाय!"

"छान काय त्याच्यात? लोकाइले काय दाखवून राह्यला तू, का आपल्या वावरात येचाले बाया भेटल्या नाही म्हणून?"

मी घास तसाच हातात धरून बसलो. जन्मापासून त्या शेतात जातोय, इंजिनिअरिंगची फी त्याच कापसातून गेली, आणि ही साधी गोष्ट मला कुणीतरी सांगावी लागली. शेत एवढं पांढरं दिसत होतं, कारण ते वेळेवर वेचलं गेलं नव्हतं. वेळच्या वेळी वेचणी होत असती तर ते हिरवं-तपकिरी आणि मधूनमधून पांढरं दिसलं असतं. तसल्या शेताचा फोटो मी काढलाच नसता, आणि काढला असता तरी कुणी 'स्वर्ग' म्हटलं नसतं.

आता थोडं गणित. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.) त्या चार एकरांत पहिल्या वेच्याचा साधारण पंधरा क्विंटल कापूस उभा होता. एका बोंडात चार ते पाच फाका असतात आणि सगळा मिळून तीन-चार ग्रॅम, फार तर पाच ग्रॅम कापूस निघतो. चार ग्रॅम धरले तर एका किलोला अडीचशे बोंडं. चांगल्या हाताची बाई दिवसाला पन्नास किलोपर्यंत वेचते. म्हणजे साडेबारा हजार बोंडं. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वादोन सेकंदांना एक बोंड, आणि तेही न थांबता, कमरेत वाकून, ओटीत कापूस भरत भरत. हे गणित मी तिथेच धुऱ्यावर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं आणि दोनदा तपासलं, कारण विश्वास बसेना.

पंधरा क्विंटलला अशा तीस दिवसांची मजुरी लागते. बाया मिळाल्या होत्या चार. म्हणजे आठवडा कुठेच गेला नाही. आणि हवामान खात्याचा अंदाज होता की तीन दिवसांनी पाऊस.

बायांना दोष द्यायला मन होत नाही. सगळ्या गावाचा कापूस एकाच पंधरवड्यात फुटतो, सगळ्यांना त्याच बाया हव्या असतात. किलोला दहा-बारा रुपये वेचाई. तुम्ही पुण्यात बसून 'वा, दिवसाला पाचशे-सहाशे!' म्हणाल, तर सव्वादोन सेकंद आठवा. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर क्विंटलमागे हजार-बाराशे नुसत्या वेचणीत जातात. बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी हे सगळं आधीच झालेलं असतं. दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. दोन्ही बाजूंचं भागत मात्र नाही.

आमच्या ऑफिसातल्या एकाने यावर लगेच उपाय काढला होता, 'मशीन का नाही आणत?' त्याला अमेरिकेतल्या मित्राने टेक्सासमधले फोटो पाठवले होते. मैलोन् मैल पांढरं शेत, अवाढव्य यंत्र आणि मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या गोल ढोल्या, एखाद्या खोलीएवढ्या. ते फोटो खरंच देखणे होते आणि आमच्या शेतापेक्षा पांढरे होते. पण ते इतके पांढरे का, हे पाहण्यासारखं आहे. यंत्राला एकदाच शेतातून जायचं असतं. म्हणून सगळी बोंडं एकदम फुटावी असं वाण लावतात, आणि औषध मारून पानं गाळून टाकतात किंवा थंडीनेच ती झडतात. उरतात काड्या आणि कापूस. 'बर्फ पडल्यासारखं' हे जे आपण म्हणतो, ते चित्र मुळात तिथलं आहे.

आमची पऱ्हाटी अशी नसते. तिला घाई नसते. जूनमध्ये पेरली की ऑगस्टपासून पाती धरायला लागते, आणि मग पुढचे तीन-चार महिने एकाच झाडावर सगळं चालू असतं. नोव्हेंबरात एक झाड नीट पाहा. वरच्या फांदीवर आज उमललेलं फूल, फिकट पिवळसर. त्याच्या शेजारी कालचं फूल, ते गुलाबी झालेलं. (कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी असतं, मग गळून पडतं. हे मला लहानपणी आईनं दाखवलं होतं, आणि मी कित्येक वर्षं समजत होतो की झाडाला दोन रंगांची फुलं येतात.) खाली हिरवी, लिंबाएवढी टणक बोंडं. त्याच्या खाली तडकायला लागलेलं एखादं. आणि सगळ्यांत खाली पूर्ण फुटून लोंबणारा कापूस. आजोबा, बाप, पोरगा, नातू सगळे एका फांदीवर! माझ्या मते खरं सौंदर्य आहे ते इथे. पण ते धुऱ्यावरून दिसत नाही आणि स्टेटसच्या फोटोत तर अजिबातच येत नाही. त्यासाठी तासात शिरावं लागतं.

आणि म्हणूनच हाताने तीन-तीन, चार-चार वेचे करावे लागतात. यंत्राला हा असला एकत्र कुटुंबाचा कारभार चालत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पापक्षालन म्हणून म्हणा, मी वेचायला गेलो. बाबांनी सांगून ठेवलं होतं, दव सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. हे दवाचं प्रकरण भारी आहे. सकाळी कापसावर दव पडलेलं असतं तेव्हा शेत सगळ्यांत सुंदर दिसतं. पण ओला कापूस गाठोड्यात गेला की तापतो, पिवळा पडतो. शिवाय सरकारी खरेदीत हमीभाव आहे तो आठ टक्के ओलाव्याला. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव कापत जातात आणि बाराच्या वर घेतच नाहीत. कवितेतला मोती इथे काट्यावर कपात होऊन येतो.

मी ओटी बांधली. शेजारच्या तासाला एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या. मी लहान असल्यापासून आमच्या वावरात येतात. त्यांचे दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर चालत होते आणि तोंड तिसऱ्याच विषयावर. बोंड पूर्ण फुटलं की त्याच्या कवचाची टोकं वाळून सुईसारखी होतात. पाची बोटांनी चारी फाका एकदम, बुडापासून, पालापाचोळा चिकटू न देता ओढायच्या. मी एक फाक ओढायचो, दुसरी आत राहायची, तिसरीला वाळलेलं पान चिकटायचं. तासाभरात बोटांच्या कडा सोलल्या. मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कंपूटरचे हात हायेत बाप्पा, असेच होणार." संध्याकाळी काटा केला. माझे अकरा किलो. मावशींचे बावन्न. आणि माझ्या अकरातला कचरा आईनं नंतर वेगळा बसून काढला, ते धरलेलं नाही.

त्या दिवशी मी पांढऱ्या रंगाबद्दल जे शिकलो ते कुठल्याही फोटोग्राफीच्या कोर्सात शिकवणार नाहीत. कालपरवा फुटलेला कापूस किंचित सायीसारखा असतो, फुललेला, हातात घेतला तर दबून परत उसळणारा. पंधरा दिवस झाडावर राहिलेला नुसता पांढरा असतो, पण लोंबतो, हलका होतो, वाऱ्याने खाली मातीत पडतो. एक पाऊस खाल्लेला करडा. आणि कवडी. कवडी म्हणजे अर्धवट फुटलेलं, किडलेलं बोंड. त्यातला कापूस पिवळट आणि घट्ट चिकटलेला असतो, उलगडतच नाही. रस्त्यावरून हे सगळं एकच पांढरं दिसतं. मावशी न बघता, बोटांनीच निवडत होत्या. चांगला ओटीत, कवडी वेगळ्या पिशवीत.

कवडीवरून २०१७ आठवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी आमचं शेत इतकं हिरवंगार, बोंडांनी लगडलेलं होतं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. एका रविवारी बाबांनी एक हिरवं बोंड तोडलं आणि अंगठ्यांनी फोडलं. आत छोटीशी गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही. तिसरं, चौथं. बाहेरून भोकसुद्धा दिसत नव्हतं. बीटी बियाणं २००२ साली देशात आलं ते बोंडअळीवरचा उपाय म्हणून, पण तोवर गुलाबी अळीला ते पचायला लागलं होतं. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून मी कुठलंही डवरलेलं शेत पाहिलं की आधी मनात येतं, आत काय असेल? त्या वर्षीची फी मामांनी भरली. ते पैसे मी पहिल्या पगारातून परत करायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत, ती वेगळी गोष्ट. असो.

एक गोष्ट मात्र मला इथे स्पष्ट लिहायची आहे, कारण आमच्या मित्रमंडळींत यावर नेहमी वाद होतो. दोन पार्ट्या आहेत. एक 'स्वर्ग' पार्टी, जिचा मी परवापर्यंत सभासद होतो. दुसरी पार्टी जास्त वाचणारी, ती म्हणते, "यवतमाळमध्ये तुला सौंदर्य दिसतंच कसं? तिथे आत्महत्या होतात." मला ही दुसरी पार्टी पहिलीपेक्षा जास्त खटकते. आत्महत्या होतात हे खरं आहे, मला ते पेपरातून कळत नाही, गावातून फोन येतो. पण म्हणून तिथल्या माणसांना काही सुंदर दिसत नाही, असं ठरवून टाकणारे तुम्ही कोण? पहिली पार्टी आमच्याकडे कॅलेंडर म्हणून बघते, दुसरी बातमी म्हणून. गाडीतून खाली मात्र दोघीही उतरत नाहीत.

वऱ्हाडाकडे असं बघायची सवय जुनी आहे म्हणा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि साहेबाला आमची काळी जमीन एकदम फार आवडायला लागली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, तेव्हा रूळ तिथेच राहिले आणि कर्जही. 'पांढरं सोनं' हा शब्द ज्याने कुणी काढला तो विकणारा होता की विकत घेणारा, हा मला नेहमी प्रश्न पडतो.

आणि आमच्या घरात सौंदर्य कुणाला कळत नाही म्हणता? पहिल्या वेचणीच्या दिवशी आई सीतादही करते. शेतात एका जागी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तो दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायचा. दह्याभातासारखा पांढरा कापूस फुटू दे, एवढंच मागणं. त्या पहिल्या कापसातला मूठभर ती वेगळा ठेवते आणि त्याच्या वाती वळते. मी लहानपणी विचारलं होतं, दुकानात वातींचं पाकीट मिळतं की. ती म्हणाली, "दुकानातला कापूस आपल्याले ओळखते का?" आता हे सौंदर्यशास्त्र नाही तर काय आहे?

बाबांचं वेगळंच. त्यांना कुठलं शेत सुंदर दिसतं ते मला या खेपेला कळलं. सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं, आई, मावशी आणि तीन बाया मिळून वरचा एकर संपवला. मागे वळून पाहिलं तर काय उरलं होतं? अर्धी लाल पडलेली पानं, रिकामी वाळकी कवचं, मधेच एखादं फूल. फोटो काढावा असं काहीही नाही. बाबा धुऱ्यावर बसले, पाणी प्यायले आणि त्या एकराकडे पाहून म्हणाले, "आता कसं बरं दिसून राह्यलं."

मंगळवारी दुपारी पाऊस आला. फार नाही, वीसेक मिनिटं. मी घराच्या ओसरीत उभा होतो. पुण्यात असतो तर 'नोव्हेंबरात पाऊस, भजी पाहिजेत' असं काहीतरी लिहिलं असतं. बाबा काही बोलले नाहीत. आईनं आधीच वेचलेल्या ढिगावर ताडपत्री आहे ना, ते दोनदा जाऊन पाहिलं. आमचे अडीच एकर बाहेर होते. बुधवारी सकाळी पाहिलं तर फुललेला कापूस दोऱ्यासारखा लोंबत होता, काही मातीत. रंग गेला होता. किती नुकसान म्हणाल तर नेमका आकडा नाही सांगता येत, कारण कापूस गेला नव्हता, त्याचा भाव गेला होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,११० रुपये होता. खुल्या बाजारात चांगल्या मालालाही व्यापारी त्याहून बरंच कमी सांगत होते. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं होतं आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, त्यामुळे भाव चढायची आशा कुणी धरली नव्हती. त्यात भिजलेला माल म्हटल्यावर व्यापाऱ्याने मूठ भरून कापूस उचलला, दाबला, नाक मुरडलं आणि बोलायला सुरुवात केली. ती मूठ मी कितीतरी वेळा पाहिली आहे. फोटो तिचाही काढला नाही.

तुम्ही सहलीला या, येऊ नका असं मी म्हणत नाही. या. फोटोही काढा, सुंदर असतंच ते, ऊन तिरकं असताना या. माझं म्हणणं एवढंच की ऐन नोव्हेंबरात आलात आणि एखादं शेत फारच पांढरं दिसलं, तर धुऱ्यावरच्या माणसाला "काय सुंदर आहे हो!" म्हणायच्या आधी "बाया मिळाल्या का?" असं विचारा. तो तुमच्याशी बोलेल. कदाचित ओटीही बांधून देईल. आणि मार्चमध्ये कुठे पांढरं शेत दिसलं तर फार कौतुक करू नका. ती फरदड असते, म्हणजे उपटायच्या वेळी न उपटता आणखी थोड्या कापसासाठी ठेवलेली पऱ्हाटी. गुलाबी अळी त्यातच पुढच्या हंगामाची वाट बघत राहते. कृषी विद्यापीठवाले ओरडून सांगतात, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. पण पावसात पहिला वेचा गेलेल्या माणसाला ते सांगायचं तोंड माझ्याकडे नाही. आम्हीही एका वर्षी ठेवली होती.

फोटो मी त्याच रात्री काढून टाकला होता. गंमत म्हणजे चार दिवसांनी मी पुण्याला निघालो तेव्हा बाबाच म्हणाले, "तो फोटो हाये का रे तुह्याजवळ? मले पाठव." का, ते मी विचारलं नाही. पाठवला. आता त्यांच्या फोनवर सुरुवातीलाच तो दिसतो, असं आई सांगते.

गावाहून परतल्यावर दुसऱ्या वेच्याच्या वेळी मी रोज फोन करायचो, स्टँडअप मीटिंगच्या आधी. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज, कुत्रं, वारा.

"बाबा, बाया भेटल्या का?"

"उद्या येतो म्हणते चार जणी. पाहू."